निर्बंधांखालच्या व्यापारातली टक्केवारी कागदावर कशी ओळखावी

निर्यात करणाऱ्या कंपनीच्या दस्तऐवज विभागात किंवा हिशेब खात्यात नव्याने रुजू झालेल्या माणसाला लाच म्हटले की जाड पाकीट आणि टेबलाखालून पुढे झालेला हात एवढेच आठवते. आंतरराष्ट्रीय व्यापारातली टक्केवारी मात्र बहुतेक वेळा छापील कागदावर, शिक्क्यासह, बँकेमार्फत आणि एखाद्या सभ्य नावाखाली जाते. ज्या माणसाला ती पाकिटातच शोधायची सवय आहे, त्याच्या सहीनेच ती निघून गेल्याची उदाहरणे थोडीथोडकी नाहीत. पुढील पायऱ्या अशा नवख्या माणसासाठी आहेत. उदाहरण म्हणून मी मुद्दाम इराकची ‘तेलाच्या बदल्यात अन्न’ ही योजना घेतली आहे, कारण त्या प्रकरणातील कागद जितके उघड झाले तितके क्वचितच कुठल्या प्रकरणात होतात. या योजनेतील गैरव्यवहार तपासण्यासाठी संयुक्त राष्ट्रसंघाने नेमलेल्या, अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेचे माजी अध्यक्ष पॉल व्होल्कर यांच्या समितीने २७ ऑक्टोबर २००५ रोजी अंतिम अहवाल दिला. योजनेत भाग घेतलेल्या २,२०० हून अधिक कंपन्यांच्या व्यवहारांतून सद्दाम हुसेन यांच्या राजवटीला सुमारे १८० कोटी डॉलर बेकायदा मिळाल्याचे त्यात नोंदले गेले.

पहिली पायरी : पैशाची कायदेशीर वाट आधी आखून घ्या

कुठलाही करार वाचायला घेण्यापूर्वी कोऱ्या कागदावर एवढेच लिहा की निर्बंध कोणी घातले आहेत, कशाला सूट आहे, आणि सूट मिळालेल्या व्यवहारातील पैसा कोणत्या खात्यातून कोणत्या खात्यात जायला परवानगी आहे. हे काम कंटाळवाणे वाटते, पण ते केल्याशिवाय पुढच्या पायऱ्यांना अर्थ नाही.

इराकच्या बाबतीत हा कागद असा दिसला असता. २ ऑगस्ट १९९० रोजी इराकने कुवेतवर आक्रमण केले आणि चारच दिवसांनी सुरक्षा परिषदेने ठराव क्रमांक ६६१ द्वारे इराकशी होणारा जवळजवळ सर्व व्यापार बंद केला. सामान्य जनतेचे हाल वाढत गेल्यावर १४ एप्रिल १९९५ च्या ठराव क्रमांक ९८६ ने एक अरुंद वाट मोकळी केली. इराकने तेल विकावे, मात्र त्याचे पैसे बगदादला न जाता संयुक्त राष्ट्रसंघाच्या ताब्यातील एस्क्रो खात्यात (म्हणजे ठरलेल्या कामासाठीच पैसे राखून ठेवणाऱ्या त्रयस्थाच्या खात्यात) जमा व्हावेत आणि त्यातून अन्न, औषधे व इतर गरजेच्या वस्तू पुरवणाऱ्यांची देणी परस्पर भागवली जावीत, अशी ती योजना होती. हे खाते फ्रान्सच्या बीएनपी बँकेत न्यूयॉर्कला होते. डिसेंबर १९९६ मध्ये पहिले तेल बाहेर पडले आणि नोव्हेंबर २००३ मध्ये योजना संपली. तोवर सुमारे ६४ अब्ज डॉलरचे तेल विकले गेले होते. तेल कोणाला विकायचे आणि माल कोणाकडून घ्यायचा हे ठरवण्याचा अधिकार मात्र इराककडेच राहिला. पुढचे सगळे प्रकरण या एका सवलतीतून उगवले, असे माझे मत आहे. ज्याच्या हाती गिऱ्हाईक निवडणे आहे, त्याला त्या निवडीची किंमतही मागता येते.

या आखलेल्या वाटेवरून एक गोष्ट स्पष्ट होते आणि ती नवख्याने पक्की ध्यानात ठेवावी. इराक सरकारच्या हाती एस्क्रो खात्याबाहेर एक डॉलर पोहोचणे हाच निर्बंधांचा भंग होता. तो डॉलर एखाद्या मंत्र्याने घरी नेला की सरकारी तिजोरीत रीतसर भरला, याने फरक पडत नव्हता. ‘पैसे कुणा व्यक्तीला नाहीत, सरकारलाच दिले आहेत आणि त्याची पावतीही आहे’ हे इतर व्यापारात समाधान देणारे उत्तर असेल, पण निर्बंधांखालच्या व्यापारात तीच पावती तुमच्याविरुद्धचा पुरावा ठरते.

भारतात सुरक्षा परिषदेचे निर्बंध १९४७ च्या संयुक्त राष्ट्रसंघ (सुरक्षा परिषद) अधिनियमाखालील आदेशांनी लागू होतात. अमेरिका किंवा युरोपीय संघ यांनी स्वतंत्रपणे घातलेले निर्बंध भारत सरकार बंधनकारक मानत नाही. तरीही देणे डॉलरमध्ये असेल तर ते बहुधा न्यूयॉर्कमधील एखाद्या बँकेतून जाते आणि जहाजाचा विमा लंडनचा असू शकतो. त्यामुळे नरिमन पॉइंटवर किंवा दुबईत बसलेल्या कारकुनालाही त्या याद्या उघडून पाहाव्याच लागतात.

दुसरी पायरी : पैसा नेमका कोणाच्या खिशातून जातो ते पाहा

आपल्याकडे ‘टक्केवारी’ हा शब्द रस्त्यांच्या आणि धरणांच्या कंत्राटांमुळे लहान मुलालाही ठाऊक आहे, आणि ती ठेकेदाराच्या नफ्यातून जाते अशी आपली ढोबळ समजूत असते. इराकमधील गणित वेगळे होते. समजा, एखाद्या यंत्राची योग्य किंमत १० लाख डॉलर आहे आणि इराकी खरेदीदाराने १० टक्के परत मागितले आहेत. कंपनी आपल्या नफ्याला हात लावत नाही. ती करारातील किंमतच ११ लाख लिहिते. संयुक्त राष्ट्रसंघाच्या एस्क्रो खात्यातून तिला ११ लाख मिळतात, त्यांतले १ लाख ती इराक सरकारला पोहोचते करते आणि तिचे १० लाख जसेच्या तसे राहतात. जो पैसा इराकी लोकांच्या पिठा-औषधांसाठी राखलेला होता, त्याच पैशातून राजवटीला बेकायदा रोकड मिळाली, आणि पुरवठादाराचे काहीच गेले नाही. म्हणूनच इतक्या कंपन्यांना, त्यांतल्या कित्येक नामांकित असूनही, हे करताना फारसे काही वाटले नाही.

यावरून तपासणीची पहिली खूण मिळते. त्याच मालाची, त्याच महिन्यातील, दुसऱ्या देशाला दिलेली किंमत काढा आणि शेजारी मांडा. फरक ५, १० किंवा १५ अशा गोल टक्क्याचा असेल तर थांबा. बाजारातील चढउतार सहसा इतके नेटके नसतात.

तिसरी पायरी : प्रत्येक खर्चाला विचारा, हे काम कोणी केले?

या पायरीवर थोडा अधिक वेळ थांबू, कारण कागदावर टक्केवारी लपते ती मुख्यतः इथे.

१९९९ च्या मध्यापासून इराकने उम्म कस्र बंदरात उतरणाऱ्या मालासाठी ‘अंतर्गत वाहतूक शुल्क’ मागायला सुरुवात केली. पुढच्या वर्षी, २००० च्या ऑगस्टच्या सुमारास, उपराष्ट्राध्यक्ष ताहा यासिन रमदान यांच्या आदेशानुसार ही पद्धत सर्वच करारांना लावण्यात आली आणि बहुतेक पुरवठादारांकडून सुमारे १० टक्के ‘विक्रीपश्चात सेवा शुल्क’ घेतले जाऊ लागले. काही ठिकाणी हीच रक्कम ‘कामगिरी हमी’ म्हणून ठेवली गेली. कामगिरी हमीची रक्कम काम नीट झाल्यावर परत मिळायची असते. ही परत मागण्यासाठी दिलेलीच नव्हती. तिन्ही नावे व्यापारात रोज वापरली जातात, त्यांपैकी कुठलेही नाव वाचून कोणाची भुवई उंचावत नाही, आणि निवडीमागचे कारण तेच होते.

सर्वांत मोठे उदाहरण ऑस्ट्रेलियाच्या एडब्ल्यूबी या कंपनीचे आहे. तेव्हा त्या देशाच्या गहू निर्यातीचा एकाधिकार तिच्याकडे होता आणि इराक हे तिचे फार मोठे गिऱ्हाईक होते. १९९९ च्या अखेरीस तिच्या करारांत दर टनामागे १२ डॉलरचा वाहतूक खर्च दिसू लागला. पुढे तो वाढत वाढत ५० डॉलरच्या पलीकडे गेला, कारण दरम्यान १० टक्के विक्रीपश्चात सेवा शुल्कही त्याच आकड्यात मिसळले गेले होते. गव्हाची विक्रीनंतर सेवा म्हणजे नेमके काय करायचे, हा प्रश्न घरी दळण निवडणाऱ्या कुठल्याही बाईने विचारला असता. कंपनीच्या कार्यालयातून तो वेळेवर आणि ठामपणे विचारला गेला नाही. एकूण सुमारे २२ कोटी अमेरिकी डॉलर अशा रीतीने गेले आणि व्होल्कर समितीच्या हिशेबात एवढी मोठी रक्कम देणारी दुसरी कंपनी नव्हती.

तेव्हा खर्चाच्या प्रत्येक ओळीपुढे तीन प्रश्न लिहा: हे काम खरोखर झाले का, ते करणाऱ्याकडे त्याची साधने आहेत का, आणि अंतर तेवढेच असताना दर का वाढला? वाहतुकीच्या खर्चासोबत ट्रकच्या पावत्या हव्यात, गाडी क्रमांक हवेत, माल पोहोचल्याच्या सह्या हव्यात. डिझेलचा भाव दुप्पट झाला नसताना भाडे चौपट झाले असेल, तर वाढलेला भाग भाड्याचा नाही. हे केवळ जुन्या काळचे दुखणे नव्हे. रशियाच्या तेलावर २०२२ च्या डिसेंबरमध्ये जी-७ देशांनी ६० डॉलरची किंमतमर्यादा घातली, तेव्हा भाडे आणि विमा फुगवून दाखवून मर्यादा ओलांडण्याचे प्रकार समोर आले, आणि वर्षभरात त्या देशांना अशा आनुषंगिक खर्चाचा ओळवार तपशील मागण्याचा नियम करावा लागला.

चौथी पायरी : पैसे घेणारा कोण आहे ते शोधा

एडब्ल्यूबीचे वाहतुकीचे पैसे जॉर्डनमधील आलिया नावाच्या वाहतूक कंपनीकडे जात होते. तिने इराकमध्ये गहू वाहून नेला नाही. ती आपले अल्पसे कमिशन कापून बाकी रक्कम इराक सरकारकडे वळती करत होती आणि तिच्या मालकीत इराकच्या वाहतूक खात्याचाही हिस्सा होता. यातले काहीच फार खोल दडलेले नव्हते. मालकी कोणाची हे विचारले असते तर ते कळण्याजोगे होते.

म्हणून नवीन एजंट, वाहतूकदार किंवा सल्लागार यांचे नाव देयकावर पहिल्यांदा आले की त्याची नोंदणी, मालक, पत्ता आणि बँक खात्याचा देश यांची विचारणा करा. खरेदीदार एका देशातला, काम दुसऱ्या देशातले आणि खाते तिसऱ्याच देशात, अशी रचना असेल तर तिचे लेखी कारण मागा. एकाच वाहतूकदाराचा आग्रह खुद्द गिऱ्हाइकाने धरला असेल, तर तो आग्रह कोणी व केव्हा धरला हेही फाइलवर नोंदवा. तोंडी आलेला निरोप त्याच दिवशी टिपून ठेवावा, कारण चार महिन्यांनी तो कोणालाच आठवत नाही.

पाचवी पायरी : जोडपत्र मागा

परवानगी देणाऱ्या यंत्रणेला दाखवायचा करार एक आणि दोन पक्षांनी आपसांत ठेवलेले पत्र दुसरे, ही पद्धत इराकच्या व्यवहारांत सर्रास होती. संघाकडे जाणाऱ्या करारात केवळ फुगवलेली किंमत असे. १० टक्के परत देण्याचे वचन वेगळ्या कागदावर लिहिलेले असे. पोलादी पूल बनवणाऱ्या मेबी अँड जॉन्सन या ब्रिटिश कंपनीने इराकला पूल पुरवताना किंमत १० टक्के वाढवून ४ लाख २० हजार युरोंहून अधिक रक्कम राजवटीला दिली. कंपनीने २००९ मध्ये गुन्हा कबूल केला आणि फेब्रुवारी २०११ मध्ये तिच्या दोन माजी संचालकांना तुरुंगात जावे लागले.

दस्तऐवज विभागातील माणसाला जोडपत्र कोणी आपणहून दाखवत नाही. पण मूळ करारात ज्याचा उल्लेख नाही असे देणे हिशेबात येते, तेव्हा ते कुठल्यातरी कागदावर उभे असलेच पाहिजे. तो कागद मागा. ‘ते साहेबांनी बोलून ठरवले आहे’ असे उत्तर मिळाले, तर ते उत्तर देणाऱ्याचे पद आणि तारीख यांसह लिहून घ्या आणि देयक पुढे ढकला.

सहावी पायरी : तेलाचे व्यवहार वेगळे वाचा

तेलात टक्केवारी उलट दिशेने वाहत होती. इराकी तेलाची अधिकृत किंमत बाजारभावापेक्षा थोडी कमी ठेवली जाई, त्यामुळे तेल उचलण्याचा नुसता हक्कही विकण्याजोगा होता. हा हक्क इराकने राजकीय मैत्री असलेल्या व्यक्तींच्या आणि संस्थांच्या नावे वाटला. ते स्वतः तेल न उचलता तो व्यापारी कंपन्यांना पिंपामागे काही सेंट घेऊन विकत. २००० च्या शरद ऋतूपासून इराकने वर अधिभार मागायला सुरुवात केली, साधारणतः पिंपामागे २५ ते ३० सेंट, आणि तो परदेशांतील इराकी दूतावासांत किंवा जॉर्डन-लेबनॉनमधील खात्यांत भरून घेतला. त्यातून सुमारे २२ कोटी ९० लाख डॉलर जमले. अमेरिका व ब्रिटनने किंमत माल भरल्यानंतर ठरवण्याचा आग्रह धरल्यावर मधला फायदाच उरला नाही आणि २००२ मध्ये हा अधिभार बंद पडला.

भारतीय वाचकाला हे प्रकरण आठवते ते तेलाचा हक्क मिळालेल्यांच्या, व्होल्कर अहवालातील यादीमुळे. तिच्यात तत्कालीन परराष्ट्रमंत्री नटवर सिंग यांचे नाव कराराबाहेरचे लाभार्थी म्हणून आले. त्यांना आधी परराष्ट्र खाते आणि मग डिसेंबर २००५ मध्ये मंत्रिपद सोडावे लागले. न्यायमूर्ती आर. एस. पाठक यांच्या चौकशीने २००६ मध्ये असा निष्कर्ष काढला की करार मिळवून देण्यासाठी त्यांनी पदाचा गैरवापर केला, मात्र त्यांना स्वतःला आर्थिक लाभ झाल्याचा पुरावा नाही. आरोप त्यांनी नाकारले होते. शिकाऊ माणसाने यातून खूण एवढीच घ्यावी: करारात ज्याचे नाव नाही, त्याच्या नावावर पिंपामागे किंवा टनामागे रक्कम पडत असेल, तर तो माणूस व्यवहारात काय करतो हे विचारायचे.

सातवी पायरी : वरच्या मंजुरीवर विसंबू नका

‘संयुक्त राष्ट्रसंघाने करार मंजूर केला आहे’ हे वाक्य त्या काळी अनेक कार्यालयांत ऐकू आले असणार. ठराव ६६१ खाली नेमलेल्या, निर्बंधांवर देखरेख करणाऱ्या संघाच्या समितीने हजारो करार रोखून धरले, पण ते बहुतांशी लष्करी वापराच्या शंकेने. किंमत फुगवली म्हणून कुठलाही करार अडवला गेला नाही. कॅनडाच्या गहू मंडळाकडेही अशाच वाहतूक शुल्काची मागणी झाली होती आणि २००० च्या सुरुवातीला कॅनडाने ती बाब संघाच्या कानावर घातली. संघाने ऑस्ट्रेलियाकडे विचारणा केली, एडब्ल्यूबीने असे काही नाही म्हणून सांगितले, आणि विषय तिथेच मिटला. मंजुरी देणाऱ्याने तेवढेच पाहिलेले असते जेवढे त्याला दाखवले गेले. त्यामुळे मंजुरीचे पत्र हाती आल्यावरही दुसऱ्या ते पाचव्या पायरीची तपासणी टाळू नये.

आठवी पायरी : शंका आली तर काय करावे

प्रथम, सही करू नका आणि कागद नष्टही करू नका. वरिष्ठांकडे आक्षेप लेखी द्या. त्यात आरोप न करता केवळ प्रश्न असावेत, जसे ‘या रकमेबदली कोणते काम झाले, त्याची पावती कृपया मिळावी.’ प्रश्नाच्या स्वरूपातील टिपणी कोणाला अपमानास्पद वाटत नाही आणि तिला उत्तर देणे मात्र भाग पडते. उत्तर आले नाही तर अनुपालन अधिकाऱ्याकडे (कंप्लायन्स ऑफिसरकडे) किंवा लेखापरीक्षण समितीकडे जा. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांना २०१३ च्या कंपनी अधिनियमाच्या कलम १७७ प्रमाणे गैरप्रकार कळवण्याची अंतर्गत व्यवस्था ठेवावीच लागते. कंपनीचा अमेरिका किंवा ब्रिटनशी संबंध असेल, तर तिथले १९७७ आणि २०१० चे लाचविरोधी कायदे परदेशातल्या लाचेलाही लागू होतात, हे वरिष्ठांना नम्रपणे आठवून देण्यास हरकत नाही. अनेकदा तेवढ्यानेच फाइल परत येते.

एकट्या माणसाच्या पत्राचा उपयोग होतो का, अशी शंका स्वाभाविक आहे. २००१ मध्ये एसेक्स नावाच्या टँकरने इराकच्या मिना अल-बक्र या तेलबंदरात दोन खेपांना, संघाच्या निरीक्षकांची मोजणी आटोपल्यावर, जादा तेल भरून घेतले. दोन्ही वेळचे मिळून ते सुमारे ५ लाख पिंपे होते. हे बाहेर आले ते जहाजाच्या कप्तानाने त्याच वर्षी संघाला कळवल्यामुळे.

नववी पायरी : कागद किती वर्षे जपावेत

कायद्यातील मुदतीपेक्षा जास्त. योजना संपल्यानंतर चार वर्षांनी, २००७ मध्ये, शेवरॉन या तेल कंपनीने अमेरिकेत ३ कोटी डॉलर भरून तडजोड केली आणि व्हिटॉल या तेल व्यापारी कंपनीने न्यूयॉर्कच्या न्यायालयात गुन्हा कबूल करून १ कोटी ७५ लाख डॉलर भरले. स्कॉटलंडच्या, पंप बनवणाऱ्या वेअर समूहाला २०१० मध्ये ३० लाख पौंड दंड झाला आणि त्याशिवाय सुमारे १ कोटी ३९ लाख पौंड जप्त झाले. एडब्ल्यूबीवर माजी न्यायाधीश टेरेन्स कोल यांच्या आयोगाचा अहवाल २००६ मध्ये आला आणि २००८ मध्ये तिचा गहू निर्यातीचा एकाधिकार गेला. तिचे माजी व्यवस्थापकीय संचालक अँड्र्यू लिंडबर्ग यांना १ लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड झाला तो २०१२ मध्ये. माजी अध्यक्ष ट्रेव्हर फ्लग यांना तर २०१७ मध्ये, म्हणजे वाहतूक शुल्काचा पहिला करार झाल्यानंतर १७ वर्षांहून अधिक काळाने, ५० हजार ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड आणि संचालकपदावर बंदी अशी शिक्षा झाली. संघ या पैशांबद्दल विचारणा करत आहे हे २००० मध्येच ठाऊक असूनही त्यांनी पुढे चौकशी केली नाही, असा न्यायालयाचा त्यांच्यावर ठपका होता. तुमच्या आक्षेपाच्या टिपणीची तारीख घातलेली प्रत आणि तिला मिळालेले उत्तर कंपनीच्या नियमांत राहून अशा फाइलमध्ये ठेवा, जी तुमची बदली झाल्यावरही तुमच्या नावाने सापडेल.